शेवट महत्त्वाचा नसतो

रहस्यकथा वाचणाऱ्याच्या वाटेत एक माणूस हमखास येतो. गावोगावी त्याचं नाव वेगळं, पेशा बहुधा शिक्षकाचा, आणि खून कोणी केला हे त्याला तुमच्याआधी ठाऊक. ठाऊक असण्याबद्दल आपली तक्रार नाही. तक्रार ही, की तो ते सांगतो. आणि चहाडी करावी तसं कानात नाही. "शेवट महत्त्वाचा नसतो हो" अशी प्रस्तावना करून, चारचौघांत, तुमच्या भल्यासाठी सांगतो. आमच्या गावात त्याला भाऊसाहेब म्हणतात.

भाऊसाहेब ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून गावाला शिकवू लागले. खिशाला कायम लाल-निळी पेन्सिल. लाल टोक पूर्वसूचनेसाठी, निळं वातावरणनिर्मितीसाठी. हे वाटप आम्हाला कळलं ते वाचनालयाच्या पुस्तकांवरून. आमच्याकडे बाबूराव अर्नाळकरांचं एक अख्खं कपाट आहे. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाला तेवढी जागा लागणारच. त्या कपाटातलं पुस्तक उघडावं तर त्यांचा नायक झुंजार अंधारात शिरला की अंधाराला निळी रेघ. एखादा नोकर उगाचच घुटमळला की त्याला लाल रेघ. समासात बारीक, सुवाच्य अक्षरात 'पृष्ठ ११२ पाहा'. माणूस साहजिकच ११२ काढतो, आणि तिथे खुनी पकडलेला असतो. धारपांच्या पुस्तकांत निळं जास्त सापडतं आणि मतकरींच्या गूढकथांत लाल. आणि खरं सांगायचं तर या दोन लेखकांमधला फरक मला कुठल्याही समीक्षकाने इतक्या थोडक्यात सांगितलेला नाही. ग्रंथपालबाईंनी वैतागून भिंतीवर कागद लावला, 'पुस्तकांवर लिहू नये.' आठवड्याभरात त्याच्याखाली लाल पेन्सिलीने शेरा आला: 'सूर करारी, परंतु भय निर्माण होत नाही.'

त्यांचं दैवत एडगर ॲलन पो. दिवाणखान्यात त्याची चौकट लावलेली आहे, नेमकी आजोबा-पणजोबांच्या रांगेत. मोठं कपाळ, बारीक मिशी, चेहऱ्यावर कर्ज फिटत नसल्याची कळा. दसऱ्याला सगळ्या चौकटींना हार पडतात, तेव्हा त्यालाही पडतो. सोनं द्यायला आलेल्या एका पाहुण्यांनी हात जोडून विचारलं, "हे कोण, वहिनी? तुमच्याकडचे?"

"नाही, यांच्याकडचे," वहिनी म्हणाल्या.

"लवकर गेलेले दिसतात."

"चाळिसाव्या वर्षी," भाऊसाहेब आतून म्हणाले.

"कशाने?"

"ते अजून नक्की कळलेलं नाही."

पाहुणे हळहळले. यात भाऊसाहेबांनी एक अक्षर खोटं सांगितलेलं नाही. १८४९ च्या ऑक्टोबरात पो बाल्टिमोरमध्ये भ्रमिष्ट अवस्थेत सापडला, चार दिवसांत गेला, आणि कशाने गेला यावर अजून वाद चालू आहेत. एवढी एकच रहस्यकथा भाऊसाहेब शेवट न सांगता सांगतात.

आता मी त्यांची थट्टा करतो आहे, पण पोच्या 'द टेल-टेल हार्ट'वर हा माणूस बोलायला लागला की थट्टा बाजूला ठेवावी लागते. १८४३ सालची, जेमतेम पाच-सहा पानांची ती गोष्ट. एक माणूस एका म्हाताऱ्याचा खून करतो. पैशासाठी नाही, सुडासाठी नाही, म्हाताऱ्याच्या एका फिकट निळ्या, साय धरलेल्या डोळ्यासाठी. भाऊसाहेब म्हणतात, "पहिल्या परिच्छेदात हा इसम आपल्याला काय पटवतोय? की मी वेडा नाही. आता मला सांगा, तुम्हाला बँकेत कोणी येऊन, न विचारता, मी चोर नाही असं सांगितलं, तर तुम्ही काय कराल?" बँकेतले कुलकर्णी म्हणतात, "पर्स चाचपीन." "बस्स! निवेदक अविश्वसनीय आहे, हे इथेच ठरलं." मग ते उठतात आणि म्हाताऱ्याच्या खोलीच्या दारातून डोकं आत घालण्याचा प्रसंग करून दाखवतात. गोष्टीतल्या त्या माणसाला नुसतं डोकं आत घालायला एक तास लागतो. घड्याळाचा मिनिटकाटाही आपल्या हातापेक्षा वेगाने फिरतो असं तो अभिमानाने सांगतो. सात रात्री असंच. आठव्या रात्री म्हातारा जागा होतो. भाऊसाहेबांनी वाचनालयाच्या दारातून हा प्रकार सुरू केला तेव्हा आठ वाजायला पाच मिनिटं होती. ग्रंथपालबाई कुलूप हातात घेऊन दाराशी उभ्या, भाऊसाहेबांचं डोकं दारात. "वेळ लांबवणं, हेच भयाचं तंत्र," ते दारातूनच म्हणाले. बाई म्हणाल्या, "सर, डोकं आत तरी घ्या नाहीतर बाहेर तरी काढा."

नंतर रस्त्याने जाताना ते जे बोलले ते मात्र कुठल्या गाइडात नव्हतं. म्हणाले, "त्या दोघांचं नातं काय, हे पो सांगत नाही. गाव सांगत नाही. नावं नाहीत. एवढंच कळतं की एका घरात दोन माणसं आहेत आणि एकाला दुसऱ्याचं बघणं सहन होत नाही. आणि फळ्यांखालून ऐकू येतं ते हृदय कोणाचं? मेलेल्याचं धडधडत नाही. ते ह्याचंच." एवढं बोलून त्यांनी खिशात पेन्सिल आहे का ते पाहिलं.

वर्गात ते असेच होते म्हणे. फळ्यावर पहिल्या तासाला त्रिकोण निघायचा. गुस्टाव फ्रायटाग नावाच्या जर्मन लेखकाने १८६३ साली नाटकाच्या रचनेवर पुस्तक लिहून मांडलेला हा चढ-उताराचा त्रिकोण: प्रस्तावना, चढती कृती, कळस, उतरती कृती, शेवट. भाऊसाहेबांनी तो जगातल्या यच्चयावत गोष्टींना लावला. त्यांच्या मते आमच्या नगरपालिकेची पाणीयोजना चढत्या कृतीतच अडकली आहे, आणि शेजारच्या बंडूच्या लग्नाला प्रस्तावना व शेवट सोडून मधलं काहीच नव्हतं. त्यांचे विद्यार्थी आज चाळिशीत आहेत. थीम, प्लॉट, सेटिंग, कॅरॅक्टर, फोरशॅडोइंग, आयरनी हे सहा शब्द त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी याच क्रमाने येतात. गोष्ट कोणती होती ते आठवत नाही.

एक तास मात्र सगळ्यांना आठवतो. आल्फ्रेड नॉइसची १९०६ सालची 'द हायवेमन' ही कथाकविता होती. वाटमारी करणारा घोडेस्वार, त्याची वाट पाहणारी सरायमालकाची मुलगी बेस, आणि तिला पलंगाच्या पायथ्याशी बांधून खिडकीपाशी दबा धरून बसलेले सरकारी शिपाई. तिच्या छातीशी बंदुकीची नळी टेकवलेली. ती दोरीच्या गाठींशी झगडत राहते. सुटायला नव्हे, बोट चापापर्यंत पोचावं म्हणून. बार झाला तर तो सावध होईल, एवढाच हिशेब. भाऊसाहेब डस्टरने टेबलावर घोड्याच्या टापा वाजवत होते, आधी लांबून, मग जवळून, आणि खडूची भुकटी त्यांच्या चष्म्यावर बसत होती. घंटा झाली. एकही पोरगं उठेना. मागच्या बाकावरची, जी एरवी घंटेच्या आधी उठत, तीही बसून. अशा वेळी दुसरा कोणी पुस्तक मिटून निघून गेला असता. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "आता सांगा, यात अलंकार कोणकोणते?" वर्ग दहा सेकंदांत रिकामा.

या माणसाची सगळी शोकांतिका, किंवा विनोद म्हणा, वेळेचा आहे. ते बोलतात ते खरं असतं, नेमकं असतं, फक्त अर्धा तास आधी असतं. कोजागिरीला आमच्या गच्चीवर हेच झालं. दिवे मुद्दाम मालवलेले, दूध आटत ठेवलेलं, आणि समोरच्या बिऱ्हाडातली नवी सून मुलांना 'माकडाचा पंजा' सांगत होती. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची, १९०२ सालची गोष्ट. सांगणारी चांगली होती. इंग्लंडातलं एक घर, पावसाची रात्र, बाप-लेक बुद्धिबळ खेळतायत.

"आणि बाप आपला राजा विनाकारण धोक्यात घालतोय," अंधारातून आवाज आला. "लक्षात ठेवा. पेरणी आहे."

सून थांबली, हसली, पुढे गेली. हिंदुस्थानात नोकरी केलेला एक सार्जंट मेजर येतो, त्याच्याकडे एका फकिराने मंतरलेला वाळका पंजा असतो, तीन माणसांच्या तीन-तीन इच्छा पुऱ्या करणारा. "हिंदुस्थानातला!" पोरांना उगाच अभिमान वाटला. "त्या काळच्या विलायती गोष्टींत शाप आपल्याकडूनच जायचा," आवाज म्हणाला, "मसाल्यांच्या खालोखाल आपली तीच निर्यात." हे चांगलं होतं, लोक हसले, आणि तिथेच घात झाला. भाऊसाहेबांना वाटलं, श्रोते आपले. घरावरचं कर्ज फेडायला म्हातारा दोनशे पौंड मागतो म्हटल्यावर ते म्हणाले, "आता ते कुठल्या मार्गाने येतात ते बघा, ही खरी आयरनी." कारखान्यात यंत्रात सापडून मुलगा जातो, आणि कंपनी भरपाई देते ती बरोब्बर दोनशे पौंड. मुलं एकमेकांना चिकटली. आई हट्टाने दुसरी इच्छा मागायला लावते, मुलगा परत येऊ दे. रात्र. मेणबत्ती विझते. दारावर थाप. कोणाचं तरी पोर आजीच्या पदराखाली गेलं.

"दाराबाहेर कोण आहे हे जेकब्ज शेवटपर्यंत दाखवतच नाही!" भाऊसाहेब आनंदाने उभे राहिले. "आई अडसर काढतेय, तोवर बाप तिसरी इच्छा मागून मोकळा. दार उघडतं, बाहेर रिकामा रस्ता! न दाखवण्यातच सगळी गंमत आहे!"

गच्चीवर कोणी बोललं नाही. सून म्हणाली, "झाली गोष्ट." आजी म्हणाल्या, "भाऊसाहेब, दूध घ्या. गरम आहे, अगदी सावकाश प्या."

असं काही झालं की ते पाकिटातून एक लॅमिनेट केलेलं कात्रण काढतात. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी वाचकांना लघुकथा देऊन पाहिलं. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. शेवट ठाऊक असलेल्यांना गोष्टी थोड्या जास्तच आवडल्या. पुढे दुसऱ्या संशोधकांना याच्या उलटही आढळलं, पण ते कात्रण भाऊसाहेबांकडे नाही. मला विचाराल तर दोन्ही खरं असावं. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नाव बुडणार हे कोणाला ठाऊक नसतं? तरी त्या अध्यायाला माणसं सरसावून बसतातच.

घरी मात्र त्यांना तोडीस तोड मिळालेली आहे. एकदा ते वहिनींना रोआल्ड डालची 'लॅम्ब टू द स्लॉटर' सांगत होते, मी चहाला गेलो होतो. १९५३ सालची. पोलिसातला नवरा ऑफिसातून येतो, गरोदर बायकोला सोडून जाण्याचं सांगतो. ती फ्रीझरमधली गोठलेली मेंढीची तंगडी आणते, मागून त्याच्या डोक्यात घालते, आणि मग तीच तंगडी ओव्हनमध्ये ठेवते. तपासाला आलेले पोलीस हत्यार शोधून दमतात आणि शेवटी तिच्या आग्रहाखातर ते हत्यारच जेवतात. "याला ड्रामॅटिक आयरनी म्हणतात," भाऊसाहेब म्हणाले. "वाचकाला माहीत, पात्रांना नाही."

वहिनी गवार मोडत होत्या. "गोठलेली तंगडी शिजायला किती वेळ लागला?"

"तो मुद्दा नाही."

"मुद्दा कसा नाही? पोलीस लवकर गेले असते तर?"

भाऊसाहेबांनी पुस्तक चाळलं. नवरा येतो पाचच्या सुमाराला, जेवणाचा विषय निघतो तेव्हा नऊ होत आलेले. "मग बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. "आणि मधल्या वेळात बाहेर गेली होती म्हणालात ना?"

"वाण्याकडे. बटाटे आणि वाटाणे आणायला. जाण्याआधी आरशासमोर बोलण्याची तालीम करते."

"मग तिला पकडणं शक्यच नाही. नवरा मेल्यावर जिला बरोबर काय वाढायचं ते सुचतं, तिला कोण पकडणार?" आणि गवारीचं ताट घेऊन त्या आत गेल्या. भाऊसाहेबांनी ते वाक्य निळ्या पेन्सिलीने समासात लिहून घेतलं. त्यांच्या मोठेपणाची हीच खूण म्हणायची.

बसस्थानकाच्या कँटीनमधला प्रसंग गावात अजून सांगतात. भाऊसाहेब एका जुन्या विद्यार्थ्याला हिचकॉकचं तत्त्व समजावत होते. हिचकॉकने फ्रांस्वा त्रूफोला दिलेल्या मुलाखतीत ते आहे: दोघं टेबलाशी गप्पा मारतायत आणि एकदम बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवलं, तर त्याच रटाळ गप्पा पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात. भाऊसाहेब म्हणाले, "समज, या टेबलाखाली बॉम्ब आहे." त्यांचा आवाज चाळीस पोरांच्या वर्गाला पुरणारा. 'समज' कोणी ऐकलं नाही. शेजारचं टेबल मिसळ टाकून उठलं, त्यांचं बघून गल्ल्यावरचा मालक उठला, आणि दोन मिनिटांत हवालदार आले.

भाऊसाहेबांनी त्यांना बसवून तत्त्व पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हवालदारांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग तो फुटतो का?"

"वा!" भाऊसाहेब खूश. "अगदी मर्माचा प्रश्न. १९३६ च्या 'सॅबोटाज' सिनेमात हिचकॉकने तो फोडला. एक निष्पाप मुलगा पार्सल घेऊन बसमध्ये चढतो..."

"कुठल्या बसमध्ये?"

"लंडनच्या. आणि बससकट उडतो. प्रेक्षक इतके खवळले की हिचकॉक पुढे म्हणाला, ती माझी चूक झाली. इतका ताण दिल्यावर सुटका द्यायला हवी होती."

"तेच म्हणतो मी," हवालदार टोपी घालत म्हणाले. "यांना सोडून द्या."

मंगल कार्यालयात तर ते स्वतःच एका कवितेत शिरतात. कोलरिजच्या १७९८ सालच्या दीर्घकवितेत एक म्हातारा खलाशी लग्नाला निघालेल्या तिघांपैकी एकाला दाराशीच अडवतो आणि आपली कथा ऐकवतो. आतून वाजंत्री ऐकू येतेय, पाहुणा जवळचा नातलग आहे, पण त्याला हलता येत नाही. भाऊसाहेबही तिघांतून एकच निवडतात, दोघं आपोआप पळतात. गेल्या वैशाखात त्यांनी वरपक्षाच्या एका तरुणाला गाठलं. आत मंगलाष्टकं चाललेली, याच्या मुठीत अक्षता, आणि भाऊसाहेब विचारतायत, "खलाशी गोष्ट सांगतोय म्हणजे तो जगला, हे तर पहिल्याच कडव्यात कळलं. मग भीती कसली?" तरुण म्हणाला, "कसली?" तो खरंच विचारत होता. "अल्बाट्रॉस मारला ह्याने, मेले बाकीचे दोनशे खलाशी, आणि हा एकटा जगला, ह्याची. आता जन्मभर अडवत फिरणार एकेकाला." आत टाळ्या झाल्या. लग्न लागलं. तरुणाच्या मुठीतल्या अक्षता घामाने हाताला चिकटून बसल्या होत्या. तो तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "पुढे?"

तेव्हापासून तो मुलगा सुटीत आला की भाऊसाहेबांच्या ओट्यावर दिसतो.

असं असूनही एका गोष्टीपुढे भाऊसाहेबांची पेन्सिल चालत नाही. फ्रँक स्टॉक्टनची १८८२ सालची 'द लेडी, ऑर द टायगर?'. आखाड्यात आरोपी, समोर दोन बंद दारं. एकामागे वाघ, दुसऱ्यामागे सुंदर तरुणी, जिच्याशी तिथल्या तिथे लग्न. आरोपी राजकन्येचा प्रियकर. कुठल्या दारामागे काय आहे हे राजकन्येला ठाऊक आहे, ती तरुणी कोण हेही ठाऊक आहे, आणि ती उजव्या दाराकडे खूण करते. तो उजवं दार उघडतो. गोष्ट तिथेच संपते. वाचकांनी स्टॉक्टनचा पिच्छा पुरवला, त्याने पुढचा भाग म्हणून आणखी एक गोष्ट लिहिली, आणि तीही अधांतरी सोडली. वाचनालयातल्या पोरांना हे कळल्यापासून भाऊसाहेब दिसले की ती ओरडतात, "सर, शेवट सांगा!" भाऊसाहेब स्वभावचित्रण सांगतात, राजकन्येचा मत्सर सांगतात, दोन्ही बाजूंचे पुरावे सांगतात. पोरं म्हणतात, "ते नको, शेवट." वहिनींनी मात्र पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच "वाघ" म्हणून निकाल दिला आणि कुकर बंद करायला गेल्या.

माझं म्हणाल तर माणूस लाखमोलाचा आहे. पो स्वतः याच जातीचा होता. 'द रेवन' ही त्याची १८४५ सालची कविता लोकांना तोंडपाठ झाली, आणि पुढच्याच वर्षी त्याने लेख लिहून ती कशी जुळवली ते सांगितलं: लांबी शंभरेक ओळी का, ध्रुपदाला तोच शब्द का, कळसाचं कडवं आधी का लिहिलं. सगळं गणितासारखं, प्रेरणेचा संबंध नाही. त्यावर पूर्ण विश्वास कोणीच ठेवत नाही, पण कविता त्यामुळे एका शब्दानेही उणी झालेली नाही. फक्त पोने आधी कविता छापली आणि मग उकल केली. भाऊसाहेबांना हा क्रम कोणी शिकवला नाही.

तेव्हा असा कोणी तुमच्या गावात असेल, आणि असतोच, तर त्याला टाळू नका. गोष्ट आधी घरी एकट्याने वाचून संपवा, आणि मगच त्याच्या ओट्यावर जा. जाताना जेवून जा, उशीर होतो.